शिपिंग बिलावरचं नाव



स्मृतिव्याख्यान म्हटलं की लोकशाही, संस्कृती, साहित्य असले भारदस्त विषय अपेक्षित असतात. मी आज तुमच्यापुढे अर्ज हा विषय घेऊन उभा आहे. आपला माल परदेशी पाठवू पाहणाऱ्या लहान कारखानदारानं सरकारी मदतीसाठी करायचा अर्ज. विषय रुक्ष आहे, हे आधीच कबूल करतो. पण 1877 साली इथं सोलापुरात ‘जुनी मिल’ उभी राहिली तेव्हापासून हे शहर सुतावर जगत आलं आहे. गिरण्यांचे भोंगे बंद झाले, तरी यंत्रमागांचा खडखडाट थांबला नाही. त्या मागांवरचा टॉवेल आज देशाबाहेर जातो. तो जातो कसा, कुणाच्या नावानं जातो, आणि सरकार देतं म्हणतं ते पैसे त्या वाटेवर नेमके कुणाच्या हाती पडतात, हे प्रश्न या शहराला तरी रुक्ष वाटू नयेत.

योजनांचा दुष्काळ आहे का? अजिबात नाही. 12 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं निर्यात प्रोत्साहन मोहिमेला मंजुरी दिली. सहा आर्थिक वर्षांसाठी 25,060 कोटी रुपये. तिचे दोन भाग आहेत: ‘निर्यात प्रोत्साहन’ हा कर्ज आणि भांडवलासाठी, ‘निर्यात दिशा’ हा प्रमाणपत्रं, प्रदर्शनं, वाहतूक अशा बाकीच्या गोष्टींसाठी. त्याआधी, जून 2022 मध्ये, सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयानं पहिल्यांदाच निर्यात करणाऱ्यांसाठी वेगळी योजना आणली होती. तयार कपडे, चादरी, टॉवेल यांवरचे राज्य आणि केंद्राचे दडलेले कर परत करणारी योजना मार्च 2019 पासून आहे. राज्याचं निर्यात धोरण आहे, वस्त्रोद्योग धोरण आहे. 1978 पासून जिल्हा उद्योग केंद्रं आहेत. म्हणजे ताट वाढलेलं आहे. मग जेवणारा कुठं आहे? वाढपी जेवणाऱ्याला नावानं हाक मारतो, आणि आपल्या कारखानदाराचं नाव त्या यादीतच नसतं. आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. बाकीचं सगळं त्याचं स्पष्टीकरण.

टॉवेलचा प्रवास बघा. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात तो विणला जातो. धुऊन, रंगवून, कडा शिवून, घड्या घालून खोक्यात भरला जातो. ट्रक न्हावा शेवाच्या बंदराकडे निघतो. इथवर सगळं सोलापूरचं. मात्र पुष्कळदा हा माल मुंबईच्या एखाद्या व्यापारी निर्यातदारानं विकत घेतलेला असतो. कारखानदारानं त्याला बिल फाडलेलं असतं, जीएसटीच्या सवलतीत म्हणजे 0.1 टक्के दरानं. ही सोय ऑक्टोबर 2017 पासून आहे आणि सोय म्हणून चांगलीच आहे. पण बंदरावर जो कागद भरला जातो, ते शिपिंग बिल, त्यावर निर्यातदार म्हणून नाव येतं मुंबईकराचं. परतावा जमा होतो त्याच्या खात्यात. निर्यात झाली याची बँकेतली नोंद त्याची. पुढं प्रदर्शनाच्या मदतीसाठी अर्ज करताना ‘मागील तीन वर्षांची निर्यात’ असा रकाना येतो, तिथं आकडा लिहितो तोही तोच. तीस वर्षं परदेशी माल पाठवणारा सोलापूरचा कारखानदार त्याच रकान्यात शून्य लिहितो. आणि तो खोटं लिहीत नाही. कागदाच्या दृष्टीनं त्यानं कधी निर्यात केलेलीच नसते.

यातली गंमत अशी की 15 फेब्रुवारी 2020 पासून शिपिंग बिलावर माल कुठल्या जिल्ह्यातला हे लिहिणं सक्तीचं झालं आहे. म्हणजे ‘सोलापूर’ हे नाव बंदरापर्यंत पोचतं. पोचत नाही तो सोलापूरकर. चादरीचंही तसंच. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं, गावाच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. चांगलं झालं. पण गावाचं नाव राखणं वेगळं आणि गावातल्या माणसाचं नाव व्यवहारात येणं वेगळं. आपण पहिल्या गोष्टीवर इतके खूष झालो की दुसरी राहून गेली.

हे अटळ आहे का? याच जिल्ह्यातल्या डाळिंबाकडे बघा. 6 डिसेंबर 2024 रोजी समुद्रमार्गे ऑस्ट्रेलियाला निघालेली डाळिंबाची पहिली खेप सोलापूर भागातली होती. 5.7 टन, तीन-तीन किलोंची 1,900 खोकी. 13 जानेवारी 2025 ला ती सिडनीला उतरली. अडतीस दिवस फळ टिकलं. त्यामागे काय होतं? बागांची नोंदणी होती. फळ कुठल्या बागेतलं हे मागे जाऊन शोधता येईल अशी संगणकीय व्यवस्था होती. दोन देशांच्या वनस्पतीसंरक्षण यंत्रणांमध्ये ठरलेली कार्यपद्धती होती. केगावला 2005 पासून असलेलं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपण येता-जाता पाहतो. पण दूरच्या बाजारात फळ पोचवायला असं अनेक वर्षांचं काम पाठीशी लागतं. निर्यात इथंही दुसराच करतो, शेतकरी स्वतः जहाज भरत नाही. फरक एवढाच, की खोक्याबरोबर बागेची ओळख जाते. डाळिंबाच्या बागेला जे जमलं ते मागाला का जमू नये? उत्तर सोपं आहे आणि थोडं लाजिरवाणं आहे. डाळिंबाच्या बाबतीत परदेशी गिऱ्हाईक ओळख मागतं, म्हणून आपण ती तयार केली. टॉवेलच्या बाबतीत आजवर ती फारशी कुणी मागितली नाही, म्हणून आपणही दिली नाही. पण आता मोठे खरेदीदार कापूस कुठला, रंग कुठला, कामगारांचं वय काय, सांडपाणी कुठं जातं, हे सगळं विचारू लागले आहेत. ओळख द्यावी लागणारच आहे. प्रश्न आपली द्यायची की दुसऱ्याची, एवढाच.

आता ‘अनुदान’ या शब्दाकडे वळू. या शब्दानं बराच घोटाळा केला आहे. अनुदान म्हणजे सरकारनं खूष होऊन दिलेली रक्कम, अशी आपली समजूत. निर्यातीच्या बाबतीत ते दिवस गेले. किती माल पाठवला त्या प्रमाणात बक्षीस देणारी एक योजना आपल्याकडे होती. मार्च 2018 मध्ये अमेरिकेनं त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि 31 ऑक्टोबर 2019 रोजी निकाल आपल्या विरोधात गेला. आपण अपील केलं; पण न्यायाधीशांच्या नेमणुका अडल्यामुळे ते अपील ऐकायला डिसेंबरपासून खंडपीठच उरलं नाही. (जगाचा व्यापार चालवणाऱ्या संस्थेची ही अवस्था, आपल्या नगरपालिकांना उगाच नावं ठेवतो आपण.) तरीही 2020 अखेर ती योजना संपली आणि 1 जानेवारी 2021 पासून नवी आली. जुनी योजना म्हणत होती, तू निर्यात केलीस, हे घे बक्षीस. नवी म्हणते, तुझ्या मालात पेट्रोल-डिझेलवरचा, विजेवरचा जो कर मुरला आहे तेवढाच परत घे. ते बक्षीस होतं, ही परतफेड आहे. त्यापलीकडे सरकारला मोकळेपणानं करता येतं ते तपासणी, प्रशिक्षण, प्रमाणपत्र, बाजाराची माहिती यांसाठी. थोडक्यात, निर्यातक्षम होण्याचा खर्च सरकार वाटून घेईल; निर्यात केल्याबद्दल शाबासकीचे पैसे देणार नाही.

परतफेड म्हटलं की आधी खर्च आला. आपल्या शेतकऱ्यांना हे ठिबकच्या अनुदानावरून चांगलं ठाऊक आहे: आधी नळ्या घ्या, बिल जोडा, मग वाट बघा. निर्यातीचंही तेच. समजा, एखाद्या कारखानदारानं फ्रँकफर्टला दर जानेवारीत भरणाऱ्या घरगुती वस्त्रांच्या प्रदर्शनात जायचं ठरवलं. गाळ्याचं भाडं, विमानाचं तिकीट, राहणं, नमुने मिळून समजा सहा लाख लागले. त्यातले तीन लाख परत मिळणार असं धरलं, तरी पहिल्या दिवशी खिशातून सहाच जातात. परतीचे तीन येतात ते कागद तपासून, शंका निघून, शंकांचं उत्तर देऊन, काही महिन्यांनी. ज्याच्याकडे सहा लाख मोकळे आहेत त्यालाच तीन लाखांची मदत, असा हा हिशेब होतो. मग लहान माणूस म्हणतो, योजना मोठ्यांसाठीच असतात. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. फक्त त्याला वाटतं की यात कुणाचा तरी डाव आहे. डाव नसेलही; परतफेडीच्या अंकगणितातच ते आहे. त्यात भर म्हणजे निर्यात कर्जावरच्या व्याजात लहान उत्पादकांना तीन टक्के सवलत देणारी योजना 31 डिसेंबर 2024 ला संपली. नव्या मोहिमेनं ही पोकळी भरून काढावी, अशी अपेक्षा आहे.

मग काय करायचं? माझं मत असं आहे की सोलापूरच्या लहान कारखानदारानं मदतीचा क्रम उलटा लावावा. पहिला अर्ज आपण करतो तो परदेशवारीचा. तो शेवटचा असायला हवा. पहिला अर्ज नाव लागण्यासाठी. 2022 ची जी योजना सांगितली तिच्यात तीनच गोष्टी आहेत आणि तिन्ही बिनचमकीच्या आहेत. निर्यात प्रोत्साहन परिषदेच्या नोंदणीचा 75 टक्के खर्च किंवा वीस हजार, यांत जे कमी असेल ते. निर्यात विम्याचा हप्ता, दहा हजारांपर्यंत. आणि मालाची तपासणी व दर्जा प्रमाणपत्र, एक लाखापर्यंत. यात विमान नाही, फोटो नाही, हारतुरे नाहीत. पण या तीन गोष्टी झाल्या की कारखानदार कागदावर जन्माला येतो. परिषदेत नाव लागलं की परदेशी चौकश्या त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट उघडते. विमा असला की ‘पैसे बुडाले तर?’ या प्रश्नाला उत्तर असतं. आणि आपल्याकडे चांगल्या चांगल्या कारखान्यांना मुंबईच्या व्यापाऱ्याशी बांधून ठेवलं आहे ते याच प्रश्नानं. निर्यात विमा महामंडळ 1957 पासून आहे. पण सायझिंगचा, म्हणजे सुताला खळ लावण्याचा, दर तोंडपाठ असलेल्या किती जणांना त्याच्या हप्त्याचा दर सांगता येईल?

तपासणीचं महत्त्व मी थोडं जास्त सांगतो, कारण तिथं आपण सर्वांत जास्त कंजुषी करतो. 1990 च्या दशकात जर्मनीनं काही अॅझो रंगांवर बंदी घातली, तेव्हा भारतातल्या कापडधंद्याची झोप उडाली होती. वीण उत्तम, भाव कमी, आणि रंगात बंदी घातलेलं रसायन निघालं की सगळा माल नापास. ही गोष्ट कापडापुरती नाही. आपल्या शेंगाचटणीचं घ्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी परदेशातल्या मराठी घरांत जाते, बचत गटांच्या बायकांना त्यात मोठी आशा दिसते, आणि ती रास्त आहे. पण शेंगदाण्यात बुरशीमुळे अॅफ्लाटॉक्सिन नावाचं विष होऊ शकतं. खायला तयार शेंगदाण्यात ते एक अब्ज भागांत चार भागांपेक्षा जास्त चालत नाही, असा युरोपचा नियम आहे. चव जिभेला कळते. अब्जातले चार भाग यंत्राला कळतात. चुलीवर भाजून, उखळात कुटून केलेल्या चटणीलाही तपासणीची चिठ्ठी लागतेच. तिचा खर्च सरकार वाटून घेत असेल, तर तो अर्ज हजार पत्रकांपेक्षा मोलाचा.

आता आक्षेप. पहिला आक्षेप मला नेहमी सभ्य माणसांकडून ऐकू येतो: मदतीनं उद्योग लुळा होतो, धंदा स्वतःच्या पायावर उभा राहावा. वाक्य सुंदर आहे. पण हा टॉवेल स्पर्धा कुणाशी करतो? कराचीचा टॉवेल जानेवारी 2014 पासून युरोपात शुल्काशिवाय उतरतो. आपल्या टॉवेलनं मात्र इतकी वर्षं शुल्क भरलं. तुर्कस्तानातलं देनिझली तर युरोपच्या दारातच बसलं आहे. ऑगस्ट 2025 च्या 27 तारखेला अमेरिकेनं भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावलं, तेव्हा इथल्या कुणाची वीण एका रात्रीत बिघडली होती? स्वतःच्या पायावर उभं राहायचं ते सपाट जमिनीवर. इथली जमीन सरकारांनीच उंचसखल केलेली आहे.

दुसरा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे. व्यापारी निर्यातदाराला खलनायक का करता? तो रोख पैसे देतो, ऑर्डर आणतो, धोका पत्करतो. अगदी खरं, आणि मी त्याला खलनायक करत नाही. चारशे किलो टॉवेलची ऑर्डर कुणी स्वतंत्रपणे बंदरापर्यंत नेऊ नये. तो वेडेपणा होईल. माझं म्हणणं एवढंच की विकताना आपलं नाव विकू नका. शिपिंग बिलावर निर्यातदाराबरोबर उत्पादक म्हणून कारखान्याचं नाव लावता येतं. ते लावून घ्यायची अट सौद्यात घाला. व्यापारी नको म्हणाला तर का नको म्हणतो ते विचारा. आणि दहा खोक्यांतलं एक तरी खोकं स्वतःच्या आयात-निर्यात क्रमांकावर जाऊ द्या. त्या एका खोक्यानं पुढच्या वर्षी अर्जातला शून्य पुसला जाईल.

तिसरा आक्षेप: कागद फार आहेत आणि ते इंग्रजीत आहेत. या शहरात घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड आणि उर्दू, अशी भाषांची श्रीमंती आहे. चार भाषा येणारा माणूस पाचव्या भाषेतल्या संकेतस्थळापुढे अडाणी ठरतो, हा सरकारचा दोष आहे आणि तो स्पष्ट बोलून दाखवला पाहिजे. पण ही यादी नीट बघा: उद्यम नोंदणी, आयात-निर्यात क्रमांक, परिषदेचं सदस्यत्व, बँकेचा कोड, मालाचं अचूक वर्गीकरण, तपासणीचा दाखला, पैसे परत आल्याची नोंद. परदेशी गिऱ्हाईकही याच गोष्टी मागतं. फक्त गिऱ्हाईक एकदाच मागतं, आणि नाही मिळाल्या तर शंका न काढता दुसरीकडे जातं. सरकार निदान पत्र पाठवून त्रुटी कळवतं. त्या अर्थानं हा अर्ज म्हणजे कमी खर्चाची तालीम आहे. टक्केवारीवर अर्ज भरून देणारे मध्यस्थ इथं कमी नाहीत. त्यांना पैसे देण्यात गैर नाही, पण फाइल त्यांच्या कपाटात आणि पासवर्ड त्यांच्या फोनमध्ये राहिला, तर मुंबईच्या व्यापाऱ्याऐवजी आणखी एका माणसाकडे आपलं नाव गहाण पडलं, एवढाच फरक.

आणि जे एकट्याला झेपत नाही ते एकट्यानं मागूच नये. तिरुपूरचं उदाहरण इथं अगदी लागू पडतं. जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं नोय्यल नदी नासवणारे तिथले रंगारी कारखाने बंद केले. एकेका रंगाऱ्यानं अर्ज करून काय मिळवलं असतं? त्यांनी सामाईक प्रक्रिया केंद्रांच्या नावानं मागितलं, राज्य सरकारनं बिनव्याजी कर्ज दिलं, सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणारी यंत्रणा उभी राहिली, आणि आज त्याच गोष्टीचं प्रमाणपत्र ते खरेदीदाराला दाखवतात. अडचणीचंच त्यांनी भांडवल केलं. आपल्याकडेही ही बुद्धी नाही असं नाही. 2019 मध्ये सोलापुरात टॉवेलचं जागतिक प्रदर्शन भरवून गिऱ्हाइकालाच इथं बोलावलं गेलं. सहा लाख घेऊन एकानं फ्रँकफर्टला जाण्यापेक्षा खरेदीदाराला अक्कलकोट रोडवर आणणं स्वस्त पडतं, आणि गाळा न परवडणाऱ्यालाही तो आपला माग दाखवू शकतो. संघटनांनी पुढचा अर्ज करायचाच असेल तर तो सामाईक प्रयोगशाळेचा, सामाईक रंगप्रक्रियेचा करावा. आणि एका पगारी माणसाचा, जो वर्षभर फक्त कागद बघेल आणि चारही भाषांत समजावून सांगेल. मला वाटतं, हा माणूस सगळ्या यंत्रांपेक्षा स्वस्त पडेल.

वेळ संपत आली आहे, म्हणून एक अगदी किरकोळ गोष्ट सांगून थांबतो. आयात-निर्यात क्रमांक पाचशे रुपयांत मिळतो. तो अनेकांनी कधीतरी उत्साहात काढून ठेवलेला आहे. दरवर्षी एप्रिल ते जून या तीन महिन्यांत, काहीच बदल नसला तरी, संकेतस्थळावर जाऊन ‘माहिती बरोबर आहे’ एवढं कळवावं लागतं. त्याला शुल्क नाही. कळवलं नाही तर क्रमांक निष्क्रिय होतो, आणि निष्क्रिय क्रमांकावर शिपिंग बिल निघत नाही. घरी गेल्यावर कपाटातली ती फाइल काढा आणि शेवटचं कधी कळवलं होतं, ती तारीख तेवढी बघा.